विषाचा व्यापार आणि देशाची मिळकत

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत एक आकडा छापून आला आणि सणसवाडीच्या चहाच्या टपऱ्यांवर आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. आमच्या शिरूर तालुक्यातून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. त्या तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका रासायनिक कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा घातला. पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली येथील जप्ती मिळून सुमारे १,८०० किलो मेफेड्रोन, म्हणजे तरुण मंडळी जिला एम.डी. म्हणतात ती पूड, हाती लागली. पोलिसांनी तिची किंमत ३,५०० कोटी रुपयांहून अधिक सांगितली.

टपरीवर एका तरुण फिटरने आम्हाला विचारले, "अण्णा, धंदा चोरीचा, हे कबूल. पोरांचं वाटोळं होतं, तेही कबूल. पण साडेतीन हजार कोटींचा माल आपल्या शेजारी तयार होत होता. तो विकला असता तर पैसा देशातच आला असता ना? मग यात देशाचं नुकसान ते काय?"

आम्हाला राग आला. परंतु राग म्हणजे उत्तर नव्हे. प्रश्न विचारणारा मुलगा निर्व्यसनी, कामसू आणि चौकस आहे. त्याने जे मोठ्याने विचारले, ते मनातल्या मनात विचारणारे पुष्कळ आहेत. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही अर्थशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. आमचे शिक्षण पगारपत्रकावर झाले आणि पुढे रात्रपाळीनंतर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. त्यामुळे हा हिशेब आम्ही कामगाराच्या घरापासून सुरू करणार आहोत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. अफूला शेत लागते, गांजाला झाड लागते. मेफेड्रोनला जमिनीची मुळीच गरज नाही. ती पूर्णपणे रसायनांपासून तयार होणारी उत्तेजक पूड आहे. पत्र्याची शेड, रसायने ढवळण्याचे भांडे, वीज, चार पिंपे आणि रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस, एवढ्यावर तिचे उत्पादन होते. ती घेतली की काही तास झोप आणि भूक मरते, अंगात नसलेले बळ आल्यासारखे वाटते. मग तेवढ्याच वेगाने माणूस खाली येतो. झोप उडते, जीव घाबरा होतो, संशय वाढतो आणि पुन्हा पुडी हवीशी वाटते. आपल्या देशाचा अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. मेफेड्रोन त्याच्या यादीत आले २०१५ साली. म्हणजे चोर तीस वर्षे पुढे नव्हता. तो कायद्याच्या यादीत नसलेली वस्तू शोधून काढीत होता.

आता त्या साडेतीन हजार कोटींकडे वळू. ३,५०० कोटींना १,८०० किलोंनी भागले, तर एका ग्रॅमची किंमत १९,००० रुपयांवर जाते. आमच्या पट्ट्यातील अनेक कंत्राटी कामगारांना महिनाभर राबून एवढे पैसे मिळत नाहीत. एका चिमटीत महिन्याचा पगार! मग त्या चिमटीत एवढे काय घातलेले असते? रसायने असतात ती काही शेकड्यांची. वीज आणि मजुरी थोडीच. उरलेली सगळी किंमत आहे धोक्याची. तुरुंगाच्या भीतीची किंमत, लाचेची किंमत, हातोहाती माल फिरवणाऱ्या प्रत्येकाच्या हिश्श्याची किंमत. शिवाय तो आकडा धरला जातो शेवटच्या बाजारातील भावाने. त्या भावाने तेवढा पैसा कोठे साठलेला नसतो. तो असंख्य घरांतून, चिमटी-चिमटीने, अजून काढावयाचा असतो. वर्तमानपत्रातील आकडा ही संपत्तीची मोजणी नव्हे. कोणाच्या खिशातून किती काढता येईल याचा तो अंदाज आहे.

संपत्ती कशाला म्हणावे, हे कामगाराला पुस्तकाशिवाय समजते. प्रेसवर पत्र्याचा एक भाग निघतो. तो गाडीत बसतो. गाडी शिरूरचा कांदा बाजाराला नेते. कांद्याच्या पैशातून शेतकरी मोटार दुरुस्त करतो, मुलीला कॉलेजात घालतो. एका वस्तूतून दुसरी वस्तू, एका कामातून दुसरे काम उभे राहते. नांगराचा फाळ झिजतो खरा, पण धान्य मागे ठेवून झिजतो. पुडी संपते तेव्हा मागे काय ठेवते? काल जितके काम करू शकत होता त्याहून कमी काम करणारा माणूस. जी वस्तू वापरली असता देशाची काम करण्याची शक्ती घटते, ती कितीही महाग विकली गेली तरी देशाच्या मिळकतीत तिची भर पडत नाही. ती वजाबाकीच आहे.

ही वजाबाकी कशी चालते ते एका रुपयाच्या मागोमाग जाऊन पाहू. समजा, एका कामगाराच्या हातात महिन्याला १६,००० रुपये पडतात. त्यातले ४,००० खोलीभाड्याला जातात, ५,००० किराणा, भाजी आणि दुधाला, ३,००० गावी आईवडिलांना आणि उरलेले ४,००० मुलांची फी, दवाखाना, भिशी यांना. यातला जवळजवळ प्रत्येक रुपया सणसवाडी, शिक्रापूर आणि त्याच्या गावी फिरत राहतो. किराणा दुकानदार त्याच पैशातून हमालाची मजुरी देतो. हमाल शिंप्याकडे जातो. गावी पाठवलेल्या पैशातून बियाणे येते. एक रुपया चार घरांत चार वेळा कामाला येतो.

आता त्याच घरात महिन्याला ४,००० रुपयांची पुडी शिरली असे धरा. पहिल्यांदा भिशी थांबते. मग गावचा पैसा थांबतो. मग किराणा उधारीवर येतो, त्यानंतर ठेकेदाराकडून उचल घेतली जाते आणि उचल घेतलेल्या माणसाची ठेकेदारापुढे मान वर होत नाही. आमच्या संघटनेच्या वर्गणीची पावती ज्याने फाडायची, तो बाजू बदलून निघून जातो. पुडीचा रुपया चार घरांत फिरत नाही. विकणारा पोरगा आपला लहानसा वाटा ठेवतो आणि बाकीचा पैसा वर, आणखी वर, शेवटी गावाबाहेर जातो. दुकानदाराची विक्री घटते, पण त्याला कारण कळत नाही. 'बाजारात पैसाच नाही' असे तो म्हणतो. पैसा आहे, पण त्याने वाट बदलली आहे.

वर गेलेल्या पैशाचे काय होते? कोणी म्हणेल, तो शेवटी कोठेतरी गुंतवला जाणारच. गुंतवला जातो, हे खरे. परंतु ज्या पैशाचा उगम सांगता येत नाही, तो उघड कारखान्यात घालता येत नाही. कारखान्याला नोंद लागते, हजेरीपुस्तक लागते, प्रॉव्हिडंट फंड भरावा लागतो. म्हणून हा पैसा हवालामार्गे देशाबाहेर जातो, सोन्यात लपतो किंवा जमिनीत पुरला जातो. विकत घेऊन पडीक ठेवलेली जमीन पीकही देत नाही आणि कामही देत नाही; तिचा फक्त भाव चढतो. आमच्या रस्त्यालगतचे सगळे चढे भाव याच पैशाचे आहेत, असा आरोप आम्ही करीत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु काळा पैसा जेथे शिरतो तेथे खरा उद्योग काढू इच्छिणारा मनुष्य बोलीतच हरतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. ज्याला नफा मिळवायचा आहे तो हिशेब करून किंमत देतो. ज्याला पैसा लपवायचा आहे तो मागाल ती किंमत देतो.

या व्यापाराचा आणखी एक दोष आहे आणि विकसनशील देशाला तो विशेष घातक आहे. ज्या गोष्टी आपण घाम गाळून उभ्या केल्या, त्यांवरच तो जगतो. औद्योगिक वसाहती आपण कशासाठी उभारल्या? शेतीवर न मावणाऱ्या हातांना काम मिळावे म्हणून. तेथे रस्ता, पाणी, वीज आणली. मुलांना रसायनशास्त्र शिकवले. तीच शेड, तीच वीज आणि तेच शिक्षण या धंद्याला आयते मिळते. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका औषधनिर्मिती कारखान्यातून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केले. एफेड्रिन हे मुळात औषधी द्रव्य आहे, पण त्यापासून घातक उत्तेजकही बनवता येते. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २० किलो मेफेड्रोन पकडले आणि तपासाचा धागा आमच्या रांजणगावच्या वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच कारखाना उघडकीस आणला. त्यानंतर कुरकुंभ. अडचणीत आलेला किंवा बंद पडलेला कारखाना, थकलेले कर्ज, रिकामी शेड. आणि आयत्या बिळावर नागोबा!

याचा भुर्दंड प्रामाणिक कारखानदाराला बसतो. काही रसायनांच्या खरेदी-विक्रीवर सरकारला नियंत्रण ठेवावे लागते आणि ते ठेवलेच पाहिजे. परंतु मोठ्या कंपनीजवळ त्यासाठी कारकून असतात. दहा माणसांच्या लहान कारखान्याचा मालक स्वतःच कागद घेऊन धावतो. औषधांच्या निर्यातीत आपल्या देशाने जे नाव मिळवले आहे, त्यालाही अशा प्रत्येक छाप्याने डाग लागतो. भर पडते ती राज्यकारभाराच्या खर्चाची: पोलिस, प्रयोगशाळा, न्यायालये, तुरुंग. ज्या पैशातून शाळेची खोली झाली असती त्यातून कोठडी बांधावी लागते. आणि कुंपणच शेत खाऊ लागले तर खर्चाला अंतच नाही. २ ऑक्टोबर २०२३ रोजी अशाच एका खटल्यातील आरोपी, उपचारासाठी ठेवला असता, पुण्यातील सरकारी रुग्णालयातून पसार झाला आणि पहाऱ्यावरचे पोलिस निलंबित झाले, हे सर्वांना स्मरत असेल. लाचेची खरी किंमत घेणारा किती घेतो यावर ठरत नाही. ती पाहून बाकीचे शंभर जण कायदा पाळणे सोडतात, त्यावर ठरते.

येथे दोन आक्षेप उभे राहतात. दोन्ही वजनदार आहेत, म्हणून टाळता येत नाहीत.

पहिला आक्षेप इतिहासाचा. कोणी म्हणेल, मुंबई तरी कशावर उभी राहिली? एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापारातून मोठमोठी घराणी उदयास आली. सर जमशेटजी जीजीभाई हे त्या व्यापारातील अग्रणी. त्यांच्या दानातून मुंबईचे रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली, पुण्याच्या बंधाऱ्यालाही त्यांनी पैसा दिला. हे सर्व खरे आहे आणि रुग्णालयाच्या भिंतीला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु हिशेब पुरा करावा. त्या काळी सरकार स्वतःच अफूचे व्यापारी होते. जमीन-महसुलाच्या खालोखाल मोठे उत्पन्न अफूचे होते. बिहार आणि बनारसकडील रयतेला ती सरकारलाच, सरकारने ठरवलेल्या भावात द्यावी लागे आणि तो भाव अनेकदा खर्चालाही पुरत नसे. विष चीनच्या माणसाने पचवले, कष्ट इकडच्या रयतेने केले आणि नफा तिसऱ्यानेच नेला. दादाभाई नौरोजींनी देशाच्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, त्यात अफूचे उत्पन्नही शेवटी परदेशी जाणाऱ्या निचऱ्यातच कसे वाहून जाते ते दाखवले आहे. चार देणग्या उरल्या म्हणून व्यापार देशहिताचा ठरत नाही. लुटीतून धर्मशाळा बांधली तरी लूट ती लूटच.

दुसरा आक्षेप पोटाचा. या धंद्यातही माणसांना काम मिळते. ते बुडाले तर त्यांनी खावे काय? हा प्रश्न कामगार चळवळीने हसण्यावारी नेऊ नये. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया हा कथिलाच्या खाणींचा देश. १९८५ मध्ये कथिलाचा भाव जगाच्या बाजारात कोसळला, सरकारी खाणी बंद होऊ लागल्या आणि वीस हजारांहून अधिक खाणकामगार बेकार झाले. त्यांतील अनेकजण डोंगर उतरून चापारे नावाच्या प्रदेशात गेले आणि ज्या झाडाच्या पानांपासून कोकेन काढतात त्या कोकाची लागवड करू लागले. ती माणसे गुन्हेगार म्हणून जन्मली नव्हती. जगातील लढाऊ कामगार संघटनांपैकी एकीचे ते सभासद होते. आपल्याकडे फार निराळे घडले काय? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणगाव मोडले. त्याच दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली आणि बेकार झालेल्या घरांतील काही मुले टोळ्यांच्या आश्रयाला गेली. यावरून एक गोष्ट दिसते. हा धंदा काम निर्माण करीत नाही. जेथे काम मरते तेथे तो गिधाडासारखा उतरतो.

शिवाय तो पोट भरतो म्हणावे, तर तेही भरवशाने भरीत नाही. अफगाणिस्तानात २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टरांवर अफूचे पीक होते. राज्यकर्त्यांनी बंदी घातली आणि २०२३ मध्ये ते १०,८०० हेक्टरांवर आले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे शेतकऱ्यांचे अफूपासूनचे उत्पन्न एका वर्षात १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटी डॉलरवर घसरले. साठा करून ठेवलेल्या व्यापाऱ्याने वाढलेल्या भावाचा फायदा घेतला. अनेक शेतकऱ्यांनी अफूऐवजी गहू पेरला, पण त्यात अफूइतका पैसा नव्हता. कित्येक वर्षे विषावर चाललेल्या मुलखात तेवढे उत्पन्न देणारा दुसरा धंदा उभाच राहिला नव्हता. यात देशाच्या मिळकतीचे मर्म आहे. हा व्यापार केवळ आजचा पैसा नेत नाही. उद्या जो दुसरा उद्योग उभा राहिला असता त्याची जागा अडवून बसतो.

आतापर्यंत आम्ही इतरांचा हिशेब केला. आता आमचा स्वतःचा देतो. नाहीतर हे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातील एका कारखान्यात कंत्राटी मुले सलग दोन पाळ्या करीत. कारखान्याचे नाव सांगत नाही. सोळा तास प्रेसपुढे उभे राहायचे. कोणत्याही कायद्यात हे बसत नाही; पण मुलांना ओव्हरटाइम हवा होता आणि ठेकेदाराला माणसे कमी लागत होती. दुसऱ्या पाळीत डोळा लागू नये म्हणून काही मुले पुडी घेऊ लागली. पुडी कोण विकतो, हे आमच्या कार्यकारिणीतील दोघा-तिघांना ठाऊक होते. आम्ही बैठक घेतली. आम्ही असा विचार केला की, कामगार नशा करतात असे आपणच म्हटले, तर उद्या मालक गेटवर तपासणी बसवील आणि कायम करा म्हणून अर्ज केलेली मुले सर्वांत आधी बाहेर काढील. ही भीती खोटी नव्हती. म्हणून गप्प बसायचे ठरले. त्या ठरावाला आम्हीही हात वर केला.

आठ महिन्यांनी एका मुलाचा उजवा हात प्रेसखाली आला. तीन बोटे गेली. वय बावीस. चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या: मुलाने पुडी घेतली होती आणि यंत्राचा सुरक्षेचा सेन्सर बांधून ठेवलेला होता. मालकाला फक्त पुडी दिसली, आम्हाला फक्त सेन्सर दिसला. दोन्ही खरे होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून अशी तरतूद चालत आली आहे की, अपघात थेट नशेमुळे घडला आणि त्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. त्या एका वाक्याने मुलाचा दावा लंगडा झाला. सेन्सरच्या मुद्द्यावर भांडून थोडे मिळवले. पण ते थोडेच.

बीड जिल्ह्यातून त्याचे वडील आले. कोरडवाहू शेती, साखर हंगामात ऊसतोड. त्यांनी आरडाओरडा केला नाही. कार्यालयात बसून पाणी प्याले आणि विचारले, "अण्णा, तुम्हाला हे ठाऊक होतं का?" आम्ही 'होय' म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत.

त्या फिटरच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. बावीस वर्षांचा मुलगा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काम करता, म्हणजे छत्तीस वर्षे. त्या छत्तीस वर्षांत त्याच्या उजव्या हाताने जे केले असते, ते पोलिसांच्या कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. जप्त केलेल्या पुडीची किंमत छापली जाते. न झालेल्या कामाची छापली जात नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थ वापरतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. ही झाली एका जातीची नशा. यांतील जे काम करण्याच्या वयाचे आहेत त्यांच्या हातांचा हिशेब करून पाहावा. ज्या देशाजवळ भांडवल थोडे आणि तरुण हात पुष्कळ, त्या देशाचे खरे भांडवल ते हातच होत. त्यावरच दरोडा पडला तर तिजोरीत उरले काय?

त्या अपघातानंतर आमच्या संघटनेने तीन ठराव केले. पहिला, दुसऱ्या पाळीला कोणीही उभा राहणार नाही. कायम नाही आणि कंत्राटीही नाही. ओव्हरटाइमचा पैसा बुडाला, म्हणून मुलेच आमच्यावर चिडली. आजही काही चिडलेली आहेत. मूळ पगार वाढवून घेतल्याशिवाय हा ठराव टिकत नाही, हे आम्ही त्यातून शिकलो. दुसरा, जो स्वतः होऊन उपचाराला जाईल त्याची जागा राखली जावी. एका कारखान्याने हे करारात लिहून दिले, दुसऱ्याने तोंडी मान्य केले, तिसऱ्याने अजून केलेले नाही. तिसरा, विकणाऱ्याचे नाव संघटना लेखी देईल. एकट्या कामगारावर ती जोखीम टाकली जाणार नाही. विकणारा गेटवरून हलला. धंदा सोडून गेला की दुसऱ्या चौकात गेला, हे छातीठोकपणे सांगवत नाही. उपचाराला गेलेल्या पहिल्या तिघांपैकी दोघे कामावर परतले. तिसरा गावी गेला, त्याचा पत्ता नाही.

कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे. मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर गेले की कायदा त्याला व्यापारी प्रमाण मानतो आणि शिक्षा दहा ते वीस वर्षांची आहे. 'फक्त एक पाकीट पोहोचव' असे म्हणून ज्या पोराच्या हाती पिशवी दिली जाते, त्याला हे कोणी सांगत नाही. तोच कायदा दुसरे एक दारही उघडे ठेवतो. कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून पुरता उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. म्हणजे कायद्यानेही विकणारा आणि बळी पडलेला असा भेद केला आहे. तो आपण आपल्या आळीत, आपल्या खात्यात का करू नये? पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी मनुष्य हा आजारी आहे आणि तो बरा होऊ शकतो, ही गोष्ट महाराष्ट्राला त्या घराने शिकवली. बरा होऊन कामावर आलेला एक माणूस म्हणजे देशाच्या मिळकतीत जमा झालेली रक्कम होय.

पोलिसांचे छापे हवेत. त्यांनी ते वाढवावेत. परंतु छापा पडतो तो शेवटच्या खोलीवर. तिकडे जाणारा जिना आपल्या दारातून सुरू होतो: सोळा तासांची पाळी, बंद पडलेली शेड, उचलीचे कर्ज, बेकार पदवीधर, आणि 'आपल्याला काय करायचे आहे' म्हणून मिटलेली तोंडे. यांतील शेवटची पायरी तरी आपल्या हातची आहे. आम्ही एकदा तोंड मिटले होते. त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने दिली.

त्या फिटरला आम्ही हे सर्व टपरीवरच सांगितले. तो बराच वेळ चहाचा रिकामा पेला फिरवीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे अण्णा, तो साडेतीन हजार कोटींचा आकडा मिळकतीचा नव्हता, आपल्या नावावर लिहिलेल्या उधारीचा होता."

अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आम्हाला याहून चांगली व्याख्या सापडली नाही.